वासमास्तरांचा निकाल

मास्तर कुठल्या शाळेत होते, असं कुणा नव्या माणसानं विचारलं की शेजारचा टायरवाला हसून सांगायचा, "शाळा कसली घेऊन बसलात! ते गाड्यांना पास-नापास करतात." आणि ते खोटं नव्हतं. शाळेशी मास्तरांचा संबंध दहावीपर्यंत कसाबसा टिकला आणि तिथेच संपला. पण गेली एकतीस वर्षं ते ऑटोमॅटिक गाड्यांचे गिअरबॉक्स बघत होते. बघत होते म्हणणंही तितकंसं बरोबर नाही. ते वास घ्यायचे. म्हणून वासमास्तर.

पद्धत ठरलेली. गाडी आली की तिला आधी बाहेर दोन चकरा मारून आणायची, म्हणजे ऑइल तापतं. मग इंजिन चालू ठेवून बॉनेट उघडायचं, गिअरबॉक्समधली ऑइल मोजायची लांब पट्टी ओढून काढायची आणि पांढऱ्या सुती फडक्यावर पुसायची. फडकं पांढरंच हवं, धुतलेलं हवं, आणि वर त्याला साबणाचा वास नको. हे नखरे पुरवायला बायकोला ती फडकी नुसत्या पाण्यात उकळावी लागायची. मग मास्तर डोळे मिटायचे. फडकं आधी हातभर लांब, मग नाकाशी. दोनदाच. तिसऱ्यांदा वास घेतला की नाक खोटं बोलतं, असं त्यांचं म्हणणं. तेवढा वेळ गिऱ्हाईक हात बांधून गप्प उभं. डोळे उघडले की निकाल.

निकाल दोनच. 'थकलंय' म्हणजे ऑइल जुनं झालंय, बदलू, गाडी आणखी काही वर्षं काढेल. आणि 'जळालंय, हात लावू नका'. हा दुसरा निकाल ऐकून माणसं चक्रावायची. ऑइल खराब झालंय, मग बदलायला नको? मास्तर शांतपणे समजावायचे, की आतल्या क्लच प्लेटांचं अस्तर झिजून त्याची पूड ऑइलमध्ये मिसळलेली आहे. आता जी काही पकड उरलीय ती त्या घाणीच्या जीवावर. नवं ऑइल घातलंत की ती धुऊन जाईल, आणि आज रडतखडत चालणारी गाडी उद्या जागची हलणार नाही. रंगावरून यातलं काही कळत नाही. थकलेलं ऑइलही काळपट तपकिरी आणि जळालेलंही काळपट तपकिरी. फरक काय तो वासात, आणि तो ओळखण्यात मास्तरांचा हात धरणारा कुणी नव्हता.

अशा माणसाचं नाक गेलं.

गेलं म्हणजे होतं जागेवरच, चांगलं ठसठशीत. चष्मा पेलण्याचं काम इमानानं करत होतं. चार महिन्यांपूर्वी मास्तरांना आठ दिवस ताप आणि सर्दी झाली. ताप उतरला, सर्दी गेली आणि जाताना वास घेऊन गेली. पहिले काही दिवस त्यांना वाटलं, येईल. मग वाटलं, महिनाभरात येईल. नंतर त्यांनी वाटून घेणं सोडून दिलं. डॉक्टरला दाखवावं, तर डॉक्टरचा कंपाउंडर म्हणजे टायरवाल्याचा मेहुणा. सकाळी दवाखान्यात सांगितलेलं दुपारी रस्त्यावर ऐकू आलं असतं.

पुढे त्यांनी जे केलं त्यात मास्तरांची बाजू घेणं कठीण आहे. गाड्या येतच होत्या. मास्तर फडकं नाकाशी धरायचे, डोळे मिटायचे, दोनदा श्वास घ्यायचे. भिंतीचा वास घ्यावा तसं. मग निकाल काय द्यायचा? 'थकलंय' म्हणून ऑइल बदललं आणि ते जळालेलं निघालं, तर आपल्या हातून गाडी बसणार आणि बोभाटा होणार. 'जळालंय, हात लावू नका' म्हटलं की कुणी पकडू शकत नाही. गाडी पुढे बंद पडली तर मास्तर खरे ठरले, आणि चालत राहिली तर मास्तरांचं ऐकलं म्हणून चालली. त्यामुळे नव्यानं जो आला त्याला ते हेच सांगत गेले, आणि एरवी गिअरची केबल बदल, गळका पाइप बदल, अशी नाक न लागणारी कामं करत राहिले. लोक म्हणायला लागले, मास्तर हल्ली फार कडक झालेत.

तर एका सकाळी सिस्टर आल्या.

त्यांना सगळे सिस्टरच म्हणायचे. पन्नाशीच्या, कमी बोलणाऱ्या, केस घट्ट बांधलेल्या. दवाखान्यातली नोकरी सोडून त्या घरोघरी जाऊन अंथरुणाला खिळलेल्या माणसांचं बघायच्या. कुणाची जखम धुवायची, कुणाला इंजेक्शन, कुणाची नळी बदलायची. चौदा घरं, आणि त्यातली निम्मी शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. जुन्या एका अपघातात त्यांच्या डाव्या पायाचा घोटा कायमचा आखडला होता. क्लच दाबणं त्या पायाला जमत नव्हतं, म्हणून ऑटोमॅटिकशिवाय दुसरी गाडी त्यांच्या कामाची नव्हती. तीन महिन्यांपूर्वी त्यांनी ही घेतली होती, दोन लाख त्र्याऐंशी हजार किलोमीटर पळालेली.

"आकडा बघून माझ्या भावानं कपाळाला हात लावला," त्या म्हणाल्या. "पण मला परवडणाऱ्यांत हीच बरी होती."

मग त्यांनी पेशंटची लक्षणं सांगावीत तसं ओळीनं सांगितलं. सकाळी रिव्हर्स टाकला की दोन-तीन सेकंद गाडी नुसती विचार करते. दुसऱ्या गिअरवरून तिसऱ्यावर जाताना झटका देते. आणि सिग्नलला थांबलं की जळका वास येतो.

"एक जण म्हणाला, गिअरबॉक्स जळाला. दुसरा म्हणाला, मशीन लावून सगळं ऑइल एका दमात बदलून टाकू. दोघांचं ऐकून माझं डोकं फिरलं. मग म्हटलं, तुमच्याकडे यावं."

यांना काहीतरी सांगून परत पाठवावं, असं मास्तरांना वाटलं. पण गाडी पुढ्यात उभी होती आणि बाई वाट बघत होत्या. त्यांनी चकरा मारून आणल्या, पट्टी काढली, फडक्यावर पुसली, डोळे मिटले. काही नाही. बोटांत ऑइल चोळून पाहिलं. काळपट. पातळ. याहून जास्त बोटांना काय कळणार?

"जळालंय," मास्तर म्हणाले. "हात लावू नका. चालतेय तोवर चालवा."

"किती दिवस चालेल?"

"ते सांगता येत नाही. आज बंद पडेल, वर्षभरही जाईल."

सिस्टरनी मनाशी घरं मोजली. मग म्हणाल्या, "मग मला लांबची घरं सोडावी लागतील. ज्याला रोज नऊ वाजता इंजेक्शन लागतं त्याला 'गाडी चालली तर येते' असं नाही सांगता येत." त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. त्यांनी मास्तरांचे आभार मानले, गाडीत बसल्या, रिव्हर्स टाकून ते दोन-तीन सेकंद थांबल्या आणि गेल्या.

मास्तरांनी ते फडकं घडी करून खिशात टाकलं. याआधी ज्यांना त्यांनी हा निकाल दिला होता, ते कुरकुर करायचे, वाद घालायचे, दुसरीकडे दाखवतो म्हणायचे. या बाईंनी नुसता विश्वास ठेवला. ते त्यांना जास्त लागलं.

वर्कशॉपच्या वरच घर. मधे लोखंडी जिना. दुपारी ते जेवायला वर गेले, पण ताटातला भात नुसता चिवडत बसले. समोर बायको जेवत होती. तिच्या नजरेतून काही सुटायचं नाही, पण बोलणं मात्र तिच्या सोयीनं. मास्तरांनी खिशातून फडकं काढलं आणि अगदी सहज सुचल्यासारखं पुढे केलं.

"हे धुवायला टाकायचं का गं? बघ बरं, वास येतोय का."

तिनं पाहिलं. "सकाळीच उकळून दिलेलं आहे. त्याला तेल लागलंय. धुवायलाच लागेल, त्यात वास कशाला बघायचा?"

"नाही, म्हणजे… फार येतोय की थोडा?"

"येतोय."

"कसला?"

"तेलाचा."

"ते झालंच. पण कसं, म्हणजे, जळकट वगैरे?"

बायकोनं ताट बाजूला सारलं. "अहो, एकतीस वर्षं तुम्ही अख्ख्या गावाला वास सांगता. आणि आज मला विचारताय?"

"सहज विचारलं. नसेल सांगायचं तर राहिलं."

"राहिलं तर राहिलं," असं म्हणून ती उठली आणि भांडी आवरायला लागली.

मास्तरांनी दोनदा घसा खाकरला. पाणी प्यायले. आता यातून पळवाट नाही हे त्यांच्या ध्यानात आलं. बायकोच्या पाठीकडे बघत ते म्हणाले, "मला वास येत नाही."

"माहीत आहे."

"कधीपासून माहीत आहे?"

"ताप गेला त्याच आठवड्यात. दूध उतू जाऊन करपून कोळसा झालं, अख्खं घर धुरानं भरलं, आणि तुम्ही शेगडीपासून चार पावलांवर पेपर वाचत होतात. मी आले तर मला विचारलंत, डोळे का गं चुरचुरतायत?" ती वळली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज खणखणीत होता. "तेव्हापासून रोज झोपताना मी शेगडीचं बटण दोनदा बघते. म्हटलं, आज सांगतील, उद्या सांगतील. चार महिने वाट बघितली. मी काय परकी आहे का?"

 मास्तरांना लाज वाटली, आणि त्याहून जास्त हलकं वाटलं. मग त्यांनी सिस्टरची सगळी गोष्ट सांगितली. पाय, चौदा घरं, नऊ वाजताचं इंजेक्शन. आणि न घेतलेल्या वासावर आपण दिलेला निकाल.

"शाब्बास," बायको म्हणाली. "आता चला खाली."

खाली भिंतीवर एका फळीवर औषधाच्या सात जुन्या बाटल्या होत्या. वर्षानुवर्षं वेगवेगळ्या गाड्यांतून काढलेलं ऑइल मास्तरांनी त्यांत जपून ठेवलं होतं. पहिल्या बाटलीत कोरं, मग क्रमानं जुनं, थकलेलं, आणि शेवटच्या दोन बाटल्यांत जळालेलं. सर्दीपडशात नाक बिघडलं की ते पुन्हा लावून घ्यायला याचा उपयोग व्हायचा, पेटीवाला सूर लावून घेतो तसा. मास्तरांनी बायकोला स्टुलावर बसवलं, डोळे मिटायला सांगितले आणि बाटल्या एकेक करून तिच्या नाकाखाली धरल्या.

"आधी लांबून. आता जवळून. दोनदाच घे. तिसऱ्यांदा नको."

"ठाऊक आहे, वर खिडकीतून ऐकून ऐकून पाठ झालंय."

आधी तिला सगळ्या बाटल्या सारख्याच वाटल्या. दुसऱ्या खेपेला तिनं नाक मुरडून दोन वेगळ्या काढल्या. "या दोन्ही करपलेल्या. घशाशी लागतात." मास्तरांनी पाहिलं तर सहावी आणि सातवी. त्यांनी बाटल्या उलटसुलट केल्या, क्रम बदलला, एक बाटली मुद्दाम दोनदा दिली. "ही मघाचीच दिलीत," ती डोळे न उघडता म्हणाली. तासाभरात तिनं सातही बाटल्या बिनचूक ओळीत लावल्या. मास्तरांना ही विद्या यायला दीड वर्ष लागलं होतं. हे त्यांनी तिला सांगितलं नाही. तेवढा अहंकार शिल्लक होता.

सिस्टरच्या गाडीचं फडकं मात्र तिनं हुंगून परत केलं. "यावरून काही सांगता यायचं नाही. याला तेलापेक्षा तुमच्या खिशाचाच वास जास्त आहे. गाडी बोलवा. आणि एक सांगते, मी वास घेईन, पण आधी त्यांना खरं सांगायचं. माझ्या नाकावर तुमचं नाव नको."

"सांगतो," मास्तर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास सिस्टर आल्या. मास्तरांनी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं, ऊन फार आहे म्हणाले, गाडीच्या टायरमध्ये हवा कमी दिसतेय म्हणाले. बायको जिन्याच्या खालच्या पायरीवर हाताची घडी घालून उभी होती.  

"सिस्टर," शेवटी मास्तर म्हणाले, "मला चार महिने वास येत नाही. काल मी वास घेतल्याचं सोंग केलं. जळालंय म्हणालो ते अंदाजपंचे म्हणालो."

सिस्टरनी आधी आपल्या धंद्यातले प्रश्न विचारले. ताप आला होता का? जिभेला चव कळते का? एक नाकपुडी की दोन्ही? कुणाला दाखवलं का? मास्तर शाळकरी पोरासारखी उत्तरं देत गेले. ते झाल्यावर त्यांना राग आला. आवाज चढला नाही, पण गाल लाल झाले.

"मी काल दोन घरी सांगून आले, मास्तर. एका आजीबाईंना मी दीड वर्ष बघतेय. त्या म्हणाल्या, नवी बाई कशी असेल, तिचे हात थंड असले तर? मी त्यांची समजूत काढत बसले. आणि तुम्ही म्हणताय अंदाजपंचे?"

"चुकलं माझं."

"चुकलंच." त्यांनी किल्ली मास्तरांच्या हातात दिली. "आता बघा नीट. वास कोण घेणार ते तुम्ही ठरवा."

चकरा मारून गाडी परत आली. मास्तरांनी पट्टी काढून फडक्यावर पुसली आणि फडकं बायकोच्या हातात दिलं. तिनं डोळे मिटले. लांबून, मग जवळून. दोनदा.

"चौथ्या बाटलीसारखं. फार तर पाचव्या. जळलेलं नाही."

"नक्की?"

"तुमच्याइतकी छाती ठोकून नाही सांगणार. पण घशाशी लागत नाही."

"मग सिग्नलला जळका वास येतो तो कुठला?" सिस्टरनी विचारलं. "तो तर मलाही येतो."

 बायको चालू इंजिनापाशी वाकली. पदर सावरत डावीकडून उजवीकडे गेली, परत डावीकडे आली, आणि एका जागी थांबली.

"इथे येतोय. पण हा आत करपलेल्या तेलाचा नाही. तापल्या तव्यावर तेल सांडलं की कसा येतो, तसा आहे. काहीतरी बाहेर सांडतंय."

मास्तरांनी बॅटरी आणली. इंजिनाच्या वरच्या झाकणाचं पॅकिंग एका कोपऱ्यात कडक होऊन चिरलं होतं. तिथून इंजिन ऑइलचा एक बारीक ओघळ उतरून थेंबाथेंबानं सायलेन्सरच्या तापलेल्या पाइपावर पडत होता. गिअरबॉक्सशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. नुसतं वाकून बघितलं असतं तरी दिसण्यासारखं होतं. पण एकतीस वर्षं नाकाच्या भरवशावर राहिलेल्या माणसानं डोळे मिटायचीच सवय लावून घेतली होती. मास्तर स्वतःशीच म्हणाले, "आंधळाच की मी!" आणि बायकोनं ते मुळीच खोडून काढलं नाही.

तरीही सिस्टरना त्यांनी स्पष्ट सांगितलं. "ऑइल थकलंय असं हिचं म्हणणं, आणि माझा तिच्यावर विश्वास आहे. पण ती कालपासूनच शिकतेय. गाडी इतकी पळालेली आहे. बदलल्यावर अजिबात बिनसणार नाही, असं मी लिहून देणार नाही. ठरवा तुम्ही."

सिस्टरनी बायकोकडे पाहिलं. "तुमची स्वतःची गाडी असती तर?"

"बदललं असतं," बायको म्हणाली.

"मग बदला."

मशीन लावून सगळं ऑइल एका झटक्यात उपसायचं मास्तरांना कधीच पटलं नव्हतं. म्हाताऱ्या माणसाला एकदम थंड पाण्यानं आंघोळ घालू नये, असं ते म्हणायचे. त्यांनी गाडी रॅम्पवर चढवली, खालचा नट सैल केला आणि ऑइल मापाच्या भांड्यात गळू दिलं. चार लिटर आणि वर थोडं. जेवढं येतं ते एवढंच. उरलेलं आतल्या वळणांत अडकून बसतं. मग त्यांनी खालचं पत्र्याचं चेंबर काढलं. त्याच्या तळाशी एक लोहचुंबक असतो. त्यावर करड्या रंगाचा मऊ लेप बसला होता, काजळासारखा. मास्तरांनी तो बोटांवर घासून पाहिला आणि उजेडात धरला. एकही धारदार कण नाही. कण निघाले असते तर आतल्या चक्रांचे दात झिजल्याची खूण होती.

"हे चांगलं आहे," ते म्हणाले. या वेळी त्यांना ते खरोखर दिसत होतं.

चेंबर पुसून घेतलं, फिल्टर बदलला, नवं पॅकिंग बसवलं. जेवढं निघालं तेवढंच नवं ऑइल मोजून वरून ओतलं. थेंब जास्त नाही, थेंब कमी नाही. मास्तर गाडीत बसले, इंजिन चालू केलं आणि ब्रेकवर पाय ठेवून गिअरचा दांडा एकेका जागी नेत गेले, म्हणजे नवं ऑइल सगळीकडे पोचतं. शेवटी रिव्हर्स. त्यांनी ब्रेक सोडला.

गाडी हलली नाही. एक सेकंद. दोन. सिस्टर खुर्चीतून उठल्या होत्या. बायकोनं जिन्याचा कठडा घट्ट धरला होता. आपलं नाक चुकलं आणि या बाईची गाडी आपण बसवली, असं तिला वाटून गेलं. तीन. मग एक बारीकसा धक्का बसला आणि गाडी गुमान मागे सरकली.

"नव्या ऑइलला वाट सापडायला वेळ लागतो," मास्तर खिडकीतून म्हणाले. बायकोनं त्यांच्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की हे आधी सांगायला हवं होतं हे त्यांना कळलं.

असं तीनदा केलं. मधे दोन-दोन दिवस गाडी चालवायची, मग पुन्हा तेवढंच ऑइल काढायचं, तेवढंच घालायचं. प्रत्येक वेळी बायको खाली यायची आणि फडक्याचा वास घ्यायची. चौथी बाटली, मग तिसरी, मग जवळजवळ दुसरी. इंजिनाच्या झाकणाचं पॅकिंग पहिल्याच दिवशी बदललं होतं, त्यामुळे सिग्नलचा वासही बंद झाला. शेवटच्या दिवशी सिस्टरनी रिव्हर्स टाकला आणि गाडी लगेच मागे आली. तिसऱ्या गिअरचा झटका थोडा उरला होता.

"तो राहणार," मास्तर म्हणाले. "वय झालंय तिचं. पण लांबची घरं सोडू नका."

"सोडली नाहीत. परवाच सांगून आले, परत येतेय म्हणून." सिस्टर पहिल्यांदाच हसल्या. "आजीबाई म्हणाल्या, गाडीलाही कुणी सिस्टर भेटली वाटतं."

त्यांनी बायकोचा हात हातात घेऊन दाबला आणि गाडीत बसल्या. काच खाली करून जरा थांबल्या. प्रश्न बहुधा त्यांच्या मनात आठवडाभर होता. पेशंटला विचारतात तशा साध्या आवाजात त्यांनी तो विचारला.

"मास्तर, या चार महिन्यांत माझ्यासारखं आणखी किती जणांना सांगितलंत?"

 सिस्टर उत्तरासाठी थांबल्या नाहीत. त्यांना इंजेक्शनला जायचं होतं.

गाडी वळणापलीकडे गेल्यावर मास्तर पायरीवर बसले. नऊ. आठवायला त्रास पडला नाही. एकेक गाडी डोळ्यांसमोर उभी होती. बेकरीवाल्याची निळी. गाण्याचे क्लास घेणाऱ्या बाईंची. दोन भावांत मिळून असलेली एक. एका वकिलाची. निवृत्त पोस्टमनची पांढरी, जिच्या पट्टीवरचं ऑइल सिस्टरच्या ऑइलपेक्षाही बरं दिसलं होतं. एकाही गाडीचा वास त्यांनी घेतला नव्हता. आणि या आठवड्यात, सिस्टरची गाडी सुधारल्याच्या आनंदात, त्यातली एकही त्यांना आठवली नव्हती.

बायको येऊन शेजारी बसली. तिनं त्यांचा फोन त्यांच्या हातात ठेवला. मास्तरांनी पोस्टमनचा नंबर शोधला. वाटलं, सर्वांत सोपा हाच.

"कोण, वासमास्तर? बोला, बोला!" पलीकडचा आवाज आनंदी होता. "आज कशी काय आठवण काढलीत?"

"तुमच्या गाडीचं विचारायचं होतं. घेऊन या एकदा. पुन्हा बघू."

"गाडी? ती गेली हो. दोन महिने झाले. मुलानं भंगारात दिली. तुम्ही म्हणालात ना, जळालंय, हात लावू नका. मग म्हटलं, वाटेत कुठे दगा देण्यापेक्षा गेलेली बरी. चांगली होती बिचारी. शेवटच्या दिवशीही स्वतःच्या पायांनी गेली तिथपर्यंत." पोस्टमन हसले. "आता बसनं फिरतो. फार नाही फिरत, पण फिरतो."

मास्तरांनी डोळे मिटले आणि मग उघडले.

"त्या दिवशी मी वास घेतला नव्हता," ते म्हणाले. "मला वास येतच नाही. तुमचं ऑइल बहुतेक चांगलं होतं."

 पलीकडे मागे कुठेतरी भांडं पडल्याचा आवाज आला.

"मग तसं का सांगितलंत?" पोस्टमननी विचारलं.

"भीती वाटली म्हणून."

 पोस्टमननी फोन ठेवला. मास्तर फोनकडे बघत बसले. बायकोनं तो त्यांच्या हातातून घेतला, बेकरीवाल्याचा नंबर लावला आणि परत त्यांच्या हातात दिला.